घरच्यांना काय विचारायचं

अन्याय झाला तो आमच्या एजन्सीत फ्लेक्सच्या कडेला पितळी रिंगा ठोकणाऱ्या भाभींवर आणि त्यांच्या नवऱ्यावर. झाला तो गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या त्या सोमवारी सकाळी, लासुर्ण्याच्या बसथांब्यासमोर. केला तो आमच्याच एजन्सीनं. बारामतीतली ही क्रिएटिव्ह मार्केटिंग एजन्सी स्वतःला एजन्सी म्हणवत नाही, घर म्हणवते. मी तिथं मजकूर लिहिते.

मी मूळची पिंपळीची. कॉलेजात असताना पत्रकं लिहायचे, मुलींना एसटीत उभ्यानं का यावं लागतं, वसतिगृहात पाणी का नाही, असल्या विषयांवर. तिथं एक गोष्ट शिकले. कुणावर, कधी, कुणी, हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, कारण पत्रक घेणारा माणूस पुढं चहाच्या गाड्यावर जाऊन त्यावर भजी ठेवणार असतो. तेव्हा ते सांगून झालं. आता बाकीचं.

एजन्सीचे मालक अण्णा माळेगाव बुद्रुकचे. पूर्वी भिंती रंगवायचे. खताची जाहिरात, सिमेंटची, पाइपांची. कारखान्याच्या रस्त्याला ज्या घराची भिंत रिकामी दिसेल त्या घरात जाऊन ते आधी चहा प्यायचे, म्हातारीची चौकशी करायचे आणि मग भिंत मागायचे. ब्रश जाऊन फ्लेक्स आला तेव्हा बाकीचे पेंटर दुसऱ्या धंद्यात गेले. अण्णांनी भिगवण रोडला गाळा घेऊन मशीन टाकलं. वहिनी, म्हणजे अण्णांच्या बायको, कॉम्प्युटरचा क्लास करून डिझाइन शिकल्या. मग दुधाच्या पिशव्यांची डिझाइनं आली, भरती अकॅडम्यांचे बोर्ड आले, सोनारांचे रील्स आले. गाळ्याचे दोन गाळे झाले, मग वरचा मजला घेतला. मी लागले तेव्हा दारावरच्या पाटीत 'आर्ट्स' जाऊन 'क्रिएटिव्ह' आलं होतं.

वाढ झाली, पण रीत घरचीच राहिली, हे अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. आणि ते खोटं नाही, हेही मी लिहिते. दुपारी सगळे एकत्र जेवतो, डबे मध्ये ठेवून. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णा दवाखान्यात बाकड्यावर बसून होते आणि माझ्या मामांपेक्षा आधी आले होते. नवीन माणूस घेताना ते त्याच्या घरी जेवायला जातात. त्याच्या आईचा स्वभाव बघतात म्हणे. माझ्या आईनं त्यांना पिठलं वाढलं आणि तिखट जास्त झालंय म्हणाली. अण्णा म्हणाले, "पोरगी लिहिती तसंच हाय की मग." लागले मी नोकरीला.

ह्याच घरपणातून एक पद्धत पडली होती. आमच्या जाहिरातीत जे चेहरे असतात ते सगळे घरचे. शहरातल्या एजन्स्या इंटरनेटवरून फोटो विकत घेतात, गोरे, हसरे, कुठलेच नसलेले लोक. अण्णांना त्याची चीड. "आपल्या ऊसवाल्याला आपलाच माणूस दिसला पायजे," असं त्यांचं म्हणणं. चांगलंच म्हणणं होतं. मग अण्णांचे वडील, म्हणजे तात्या, खताच्या जाहिरातीत शेतकरी झाले. वहिनींच्या आई मसाल्याच्या पाकिटावर आजी झाल्या. मी दोनदा नर्स झाले आणि एकदा भरती अकॅडमीची पहिली आलेली मुलगी झाले. खरं सांगायचं तर मी एसटी पकडायलासुद्धा पळत नाही, पुढचीनं जाते. एका पतसंस्थेच्या निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलची कामं आमच्याकडं आली आणि तात्या एका बोर्डावर समाधानी सभासद होते, दुसऱ्यावर संतापलेले. पारावरच्या लोकांनी त्यांना गाठलं.

"तात्या, नक्की कुणाकडनं हायसा तुमी?"

"मी फोटोकडनं हाय," तात्या म्हणाले.

आम्ही आठवडाभर हसत होतो. हसण्यासारखंच होतं. पण त्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या पॅनेलनं तात्यांचा फोटो वापरायचा की नाही, हे तात्यांना कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'घर' नावाचा एक फोल्डर होता. सगळ्यांचे फोटो त्यात. लागेल तसा घ्यायचा. घरच्यांना काय विचारायचं?

आता भाभी. लासुर्ण्याच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, रोज एसटीनं येणार, येताना शेजारणींची बारामतीतली कामं घेऊन येणार. एकीचा ब्लाउज, एकीच्या मिक्सरचं भांडं. त्यांचे मालक शाळेची व्हॅन चालवतात. गावातली आणि वाड्यावस्त्यांवरची लहान मुलं इंग्लिश मीडियमला नेणं-आणणं, एवढाच त्यांचा धंदा. मुलं त्यांना चाचा म्हणतात, म्हणून आयाही म्हणतात, म्हणून मीही.

त्याच्या आदल्या दिवाळीला एका साडीच्या दुकानाला बोर्डासाठी आई हवी होती. भरल्या अंगाची, हसरी, हातात पणत्यांचं ताट घेतलेली. सगळ्यांनी एकदम भाभींकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" भाभी म्हणाल्या. "मी आन दिवाळीची आई?"

"का, तुमी काय शिमग्याची आई व्हय?" वहिनी म्हणाल्या.

भाभींनी चाचांना फोन लावला. चाचा पलीकडून इतके हसले की आम्हाला इकडं ऐकू आलं. म्हणाले, कर की, फुकटात साडी नेसायला मिळती. मग वहिनींनी त्यांना हिरवी साडी नेसवली, टिकली लावली, हातात ताट दिलं. भाभींनी अट घातली, "ईदला समद्यांनी माझ्याकडं शेवया खायला यायचं. एक जरी चुकला तरी बोर्ड फाडीन." आम्ही सगळे गेलो. तो बोर्ड लासुर्ण्यातही लागला होता आणि त्याच्यापुढं उभं राहून व्हॅनमधल्या मुलांनी चाचांबरोबर फोटो काढले होते. म्हणजे त्या फोटोला भाभींनी होकार दिला होता. त्या फोटोला, त्या साडीला, त्या दिवाळीला. पुढचं समजण्यासाठी वाचकानं एवढं ध्यानात ठेवावं.

मग इंदापूरला दुसरं ऑफिस निघालं. तिथं नवा डिझायनर घेतला, आणि अण्णा तिकडं आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस. बाकी सगळं फोनवर. डिझाइन आलं की अण्णा फोनवर बघणार आणि अंगठा पाठवणार. इंदापूरचं पहिलं मोठं काम म्हणजे एक व्यसनमुक्ती केंद्र. त्यांना बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गावागावांच्या थांब्यावर बोर्ड हवे होते. डिझायनरनं 'घर' फोल्डर उघडला. तिथं 'आई' नावाचा फोटो होता. त्यानं भाभींना कधी बघितलेलं नव्हतं. पणत्यांचं ताट कापून टाकलं, हसू ठेवलं. वर ओळ टाकली: 'माझ्या मालकांची दारू सुटली. माझं कुंकू वाचलं.' अण्णांना पाठवलं. अण्णा कुठल्याशा लग्नात पंगतीला बसलेले होते. त्यांनी अंगठा पाठवला.

त्या डिझायनरवर माझा राग नाही. त्याला जे घर म्हणून दिलं, ते त्यानं वापरलं. राग अंगठ्यावर आहे.

बोर्ड रविवारी संध्याकाळी लागला. सोमवारी सकाळी भाभी एसटीला उभ्या राहिल्या तर समोर त्या स्वतः. त्या काय म्हणाल्या, रडल्या का, हे मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ऑफिसात आल्या, चप्पल काढली, हातपाय धुतले, माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तू लिहितीस न्हवं? मग सांग. माझं कुंकू कुणी वाचवलं?"

मला काही कळेना. त्यांनी मोबाइल पुढं केला. शेजारच्या मुलानं बोर्डाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लोकांनी हात जोडल्याची, फुलांची चित्रं टाकली होती. अभिनंदन, चाचा. एकानं लिहिलं होतं, उशिरा का होईना. भाभींनी तो शब्द बोटानं दाखवला. "उशिरा. म्हंजी आधी पीत व्हते."

चाचा आयुष्यात प्यालेले नाहीत. हे सांगावं लागतंय याचीच मला लाज वाटते. आमच्यात पितात, भाभींच्यात पीत नाहीत असला काही भाबडा हिशेब मी मांडत नाही, पिणारे सगळीकडं असतात. पण हा माणूस पीत नाही. आणि पीत असता तरी त्याच्या बायकोचा चेहरा न विचारता चौकात टांगायचा अधिकार कुणाला मिळत नाही. मला हे दोन्ही वेगवेगळं म्हणायचंय.

दुपारपर्यंत अण्णांनी माणूस पाठवून बोर्ड उतरवला. जेवताना भाभींसमोर हात जोडले. मनापासून जोडले, डोळ्यात पाणी होतं. म्हणाले, "भाभी, घरातलं माणूस हाय म्हणून माफ करा." भाभींनी मान हलवली आणि डब्यातली भाजी मध्ये सरकवली. आम्हाला वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं. बोर्ड होता तोवर लोक अभिनंदन करत होते. बोर्ड एका दिवसात गायब झाला तेव्हा लोक म्हणायला लागले, लाज वाटली म्हणून काढायला लावला असणार. म्हणजे खरंच असणार. मंगळवारी एक आई मुलाला घेऊन व्हॅनपाशी आलीच नाही. बुधवारी दुसऱ्या घरातून निरोप आला की आमचे हे आता मोटारसायकलवर सोडणार आहेत. तिसरी बाई स्पष्ट होती. ती म्हणाली, "चाचा, आता सुटली हाय म्हणता, चांगलंच हाय. पण इतकी वर्सं आमची लेकरं तुमच्या गाडीत व्हती. आमाला सांगाया पायजे व्हतं का न्हाय?" चाचांनी तिला सांगितलं की मी कधी प्यालोच नाही. ती म्हणाली, "सुटलेला माणूस असंच म्हणतो. आमचे दीर पण म्हणायचे."

या बोलण्याला उत्तर नाही. करून बघा. 'मी पीत नव्हतो' हे वाक्य जितक्या वेळा म्हणाल तितकं ते पिणाऱ्याचं वाटतं. भाभी हे सगळं रिंगा ठोकता ठोकता मला सांगत होत्या. व्हॅन अजून बँकेची आहे, एवढंच एकदा म्हणाल्या आणि विषय बदलला. व्हॅनमधली मुलं कमी होत गेली तर ती गाडी दारात उभी राहणार, हे मला सांगायची गरज नव्हती.

मी अण्णांकडं गेले. म्हटलं, "त्याच जागी तेवढाच मोठा बोर्ड लावा. फोटो न विचारता वापरला, चाचा पीत नाहीत, चूक आमची."

अण्णा खुर्चीत मागं सरकले. "अगं, घरातली गोष्ट. घरात मिटवायची असती. चौकात कोण नेतं?"

"चौकात तुम्हीच नेली."

"गिऱ्हाईक काय म्हणंल? बोर्ड लावणाऱ्याचाच माफीचा बोर्ड? उद्या इंदापुरात कोण काम दील आपल्याला? आन त्या केंद्रवाल्याचं काय, त्याचं नाव खराब न्हाय व्हायचं?"

"चाचांचं झालं ते?"

"मी जातो की त्यांच्या घरी. पाया पडतो. अजून काय करू?"

अण्णांना खरोखर कळत नव्हतं. ढोंग नव्हतं. त्यांच्या लेखी दारात जाऊन पाया पडणं ही माफीतली सगळ्यात मोठी माफी होती. त्यांच्या घरी भावाभावांची भांडणं अशीच मिटली होती, आणि ऑफिसातली त्यांनी अशीच मिटवली होती. मला तेव्हा त्यांचा राग आला, आजही येतो, पण तो ढोंगाचा राग नाही. चांगुलपणाच्या नावाखाली माणूस किती सोयीचं वागू शकतो, त्याचा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा, वहिनी आणि मी लासुर्ण्याला गेलो. बरोबर साडी, नारळ, पेढे. भाभी आमच्याच गाडीत होत्या, म्हणजे ज्यांची माफी मागायला चाललो त्यांनाच घेऊन चाललो होतो. चाचा अंगणात व्हॅन धूत होते. आम्हाला बघून पाइप बंद केला, खुर्च्या आणल्या, आत जाऊन चहा टाकून आले. उंच, शिडशिडीत माणूस. अण्णा वाकायला लागले तसं त्यांनी अण्णांना दंडाला धरून उभं केलं.

"असं करू नगा. तुमी हिला बहीण म्हणता."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "आपण एकाच घरातली माणसं. चुकी झाली. मोठ्या मनानं—"

"अण्णा," चाचा म्हणाले, "माझ्याकडं मन मोठंच हाय. गाडीबी मोठी हाय. लेकरं कमी झाली."

वहिनींनी साडी भाभींच्या हातात द्यायला पुढं केली. भाभींनी हात मागं घेतले. "साडी नगो, वहिनी. एक साडी नेसले तर हे झालं. दुसरी नेसले तर काय व्हईल?"

त्या हसून म्हणाल्या. वहिनीही हसल्या. चाचाही. फक्त अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "मग मी काय करू, सांगा. तुमी सांगाल ते करतो."

भाभींनी चहाचे कप फिरवले, मग उभ्यानंच बोलल्या. "बोर्ड थांब्यापाशी लागला. मी रोज तितनंच एसटी धरते. तुमी पाया माझ्या अंगणात पडताय. हितं कोण बघतंय? कोंबड्या."

अण्णा म्हणाले, विचार करतो. विचार करतो म्हणजे नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि भाभींनाही.

परतीच्या वाटेवर मी सांगून टाकलं. "अण्णा, तुम्ही बोर्ड नाही लावला तर मी पत्रक छापते. आपल्या मशीनवर नाही, दुसरीकडं. आणि थांब्यावर उभी राहून वाटते."

"घरातनं असं बोलतात व्हय गं?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "तुला मी लेकीसारखं ठेवलं."

"लेक आहे म्हणूनच अजून छापलं नाही."

ऊस भरलेला एक ट्रॅक्टर पुढं होता, दोन ट्रॉल्या लावलेला, त्याला ओलांडता येईना. अण्णा हॉर्न वाजवत होते. तेव्हा पुढच्या सीटवरून वहिनी बोलल्या. वहिनी कामाबाहेरचं कमीच बोलतात.

"माझा 'आधी'चा फोटो लावला तवा मला विचारलं व्हतं का?"

अण्णांना कळलं नाही. "कसला आधीचा?"

"वजन कमी करायच्या सेंटरचा बोर्ड. 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी' मी व्हते. माझ्या भावाच्या लग्नातला फोटो. 'नंतर' ती जिमवाली पोरगी."

"अगं, ते तर केव्हाचं! तू काय बोलली न्हाईस."

"काय बोलू? बोर्ड बघितला तो माहेरच्या रस्त्याला. थोरल्या नणंदबाई अजून मला 'आधी' म्हणून हाक मारत्यात. 'आधी आली का गं? आधी, चहा टाक.' तुमी पण हसलात. त्यांच्या नातवाच्या बारशाला सगळ्यांसमोर हसलात."

अण्णांनी हॉर्न वाजवायचं थांबवलं.

"घरातलंच माणूस म्हणून," वहिनी म्हणाल्या. "घरातल्याला कोण विचारतं? परक्याचा लावला असता तर आधी फोन केला असता, कागद केला असता. माझा म्हणून नुसता उचलला. आता भाभींना तुमी घरातलं म्हणताय, तर त्यांना पण नुसतं उचललं." मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पोरीनं पत्रक छापलं तर वाटायला मी पण जाईन. थांब्यावर."

ट्रॅक्टर सणसरच्या फाट्याला वळला तेव्हा रस्ता मोकळा झाला. अण्णांनी गाडी दामटली नाही. सावकाशच नेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मजकूर लिहून माझ्यापुढं ठेवला. 'काही तांत्रिक कारणास्तव अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मी म्हटलं, हे वाचून लोकांना वाटेल लाइट गेली होती. कोण, कुणाला, काय, हे यात कुठंच नाही. आम्ही त्यावर सकाळभर भांडलो. अण्णांना 'अनवधानाने' सोडवेना. मी म्हटलं, तुम्ही बोर्ड बघितला, अंगठा पाठवला, त्याला अनवधान म्हणत नाहीत. शेवटी 'न विचारता' राहिलं आणि 'अनवधानाने' गेलं. आमच्या एजन्सीचं नाव मोठ्या अक्षरात टाकायला अण्णा आपणहून तयार झाले, हे मी इथं नोंदवते, कारण ते खरं आहे.

फोटो टाकायचा की नाही, यावर सगळ्यांचं मत, नको. अजून कशाला त्यांचा चेहरा चौकात? सगळे अगदी समंजसपणे बोलत होते. वहिनींनी आम्हाला गप्प केलं आणि भाभींना हाक मारली. विचारलं, "तुमचा फोटो टाकायचा का? नगो म्हणला तरी चालंल."

भाभींनी हात पुसले. इतके दिवस ठामपणे बोलणारी बाई या साध्या प्रश्नाला अडखळली. मग म्हणाल्या, त्यांना विचारते. चाचांना फोन केला. बोलणं झाल्यावर म्हणाल्या, टाका. पण दोघांचा, व्हॅनसमोर, आणि मी रोज जशी असते तशी. टिकलीबिकली काही नको. आणि हसणार नाही, कारण हसण्यासारखं काही लिहिलेलं नाही.

फोटो तसाच काढला. खाली मजकूर: 'या जागी आम्ही लावलेल्या जाहिरातीत यांचा फोटो यांना न विचारता वापरला. यांचे पती दारू पीत नाहीत, कधीही पीत नव्हते. जाहिरातीतले वाक्य खोटे होते. चूक आमची आहे. आम्ही दोघांची जाहीर माफी मागतो.' कडेच्या रिंगा भाभींनीच ठोकल्या. मी म्हटलं, आज दुसरं कुणी करेल. म्हणाल्या, दुसऱ्यानं ठोकल्या तर वाऱ्यानं फाटंल.

अण्णांनी तो स्वतः शिडीवर चढून बांधला. पेंटर माणूस, बऱ्याच वर्षांनी शिडीवर चढला. थांब्यावरच्या लोकांनी गर्दी केली. एकजण मोठ्यानं वाचायला लागला. कुणीतरी म्हणालं, जाहिरातवाल्यांनी आता स्वतःचीच जाहिरात लावली. अण्णांनी ऐकलं आणि गाठ आवळली.

पुढं काय झालं तेही सरळ सांगते. व्यसनमुक्ती केंद्रानं काम काढून घेतलं. इंदापूरच्या ऑफिसात त्यानंतर बराच काळ शांतता होती. व्हॅनची काही मुलं परत आली. ती स्पष्ट बोलणारी बाई स्वतः येऊन चाचांना म्हणाली, "माझ्या तोंडातनं गेलं, राग धरू नगा," आणि मुलीला गाडीत बसवलं. सगळी आली नाहीत. ज्यांनी दुसरी सोय केली त्यांनी ती मोडली नाही. चाचांनी मग सकाळच्या फेरीनंतर आणखी एक फेरी धरली, औद्योगिक वसाहतीतल्या कामगार बायकांची. त्यात भागतं का, हे मी विचारलेलं नाही. ग्रुपवरचा तो पहिला फोटो अजून कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे. तो उतरवायला शिडी पुरत नाही.

'घर' फोल्डर आम्ही रिकामा केला. आता तात्यांचा फोटो घ्यायचा असला तरी तात्यांना विचारतो, कशासाठी, कुठं, कुठल्या ओळीखाली. तात्या प्रत्येक वेळी म्हणतात, बघून सांगतो, आणि दोन दिवस लावतात. कामं अडतात. अण्णा चिडतात, मग विचारतात. वहिनींना विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही. कारण द्यावं लागत नाही, हेही आम्हाला नवीनच होतं.

आणि आता तुम्ही. हे वाचणारे बरेचजण बोर्ड लावणारे आहात. दुकान आहे, क्लास आहे, दवाखाना आहे, पॅनेल आहे, पुतण्याचा वाढदिवस आहे. तुमच्या बोर्डावर एक बाई आहे, एक म्हातारा आहे, एक लेकरू आहे. ते तुमच्याच घरातलं असेल तर जास्तच सांगते. बोर्डाखाली उभं राहून वरची ओळ मोठ्यानं वाचा. मग त्या माणसाला फोन लावा आणि ती ओळ वाचून दाखवा. म्हणा, ही ओळ तुझ्या चेहऱ्याशेजारी आहे, चालेल का? नाही म्हटलं तर आजच उतरवा. खोटं लिहिलं असेल तर त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, खरं लिहा. घरी जाऊन पाया पडू नका. फोन लावा.